एक एमबी कुणाच्या बापाचा? जीपार्टेड आणि पार्टेड, आठ महिने वापरून

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात जकार्डची (मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीची) डिझाइनं काढतो. डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) वापरतो, कारण फुकट आहे. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायचं सॉफ्टवेअर जीपार्टेड आणि त्याचा काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालणारा भाऊ पार्टेड, हे दोन्हीही त्याच कारणासाठी घेतले. दोघांच्या पोटात इंजिन एकच, लिबपार्टेड. पार्टिशन कसं पाडायचं, हे इथं येणाऱ्यांना माहीत असणार, त्यामुळे मी थेट भांडणावर येतो.

भांडण एक एमबीचं.

एप्रिलमध्ये मी जुनी 3 टीबीची डिस्क 3000 रुपयांत घेतली, सोबत एक यूएसबी केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीनं जोडायचा डबा). जीपार्टेडमध्ये नवीन पार्टिशनची खिडकी उघडली, तर ‘आधीची मोकळी जागा’ या रकान्यात 1 लिहिलेलं, म्हणजे एक एमबी. मी 0 केलं, परत 1. पुन्हा 0 केलं, पुन्हा 1. पैसे मी मोजले आणि पहिला घास सॉफ्टवेअरनं खायचा, हे काही पटेना. शेवटी वैतागून ‘अ‍ॅप्लाय’ दाबलं, पण राग गेला नाही. जेवताना बायकोला सांगितलं, तर तिनं मोबाइलवर भागाकार केला. 3000 रुपयांत साधारण 28 लाख 61 हजार एमआयबी (जीपार्टेडचा एमबी, फरक पुढे सांगतो), म्हणजे एका एमआयबीला पैशाचा दहावा हिस्सा. “याच्यासाठी भाकरी गार केलीत?” म्हणाली.

एमबी आणि एमआयबी हा आणखी एक ताप. पार्टेडला एमबी म्हटलं की ते 10 लाख बाइट धरतं, एमआयबी म्हटलं की 10,48,576. जीपार्टेड सगळं या दुसऱ्या मापात दाखवतं (1024 केआयबीचा एमआयबी, 1024 एमआयबीचा जीआयबी, 1024 जीआयबीचा टीआयबी), त्यामुळे दुकानात घेतलेली 3 टीबी घरी येईपर्यंत 2.73 टीआयबी होते. यात चोरी नाही, गणितच तसं आहे, एवढं समजायला मला आठवडा लागला. पण पार्टिशन पाडताना सेक्टरचा (डिस्कवरच्या सगळ्यात लहान कप्प्याचा) आकडा टाकायची सोय जीपार्टेडमध्ये नाहीच, आणि ही तक्रार माझी आजही आहे.

बाकी रोजचं काम चोख. कारखान्यातल्या विंडोजच्या मशीनचं पार्टिशन लहान करून दिलं, दोन पेनड्राइव्ह वाचवले. करायच्या गोष्टी खाली यादीत साठत जातात आणि अ‍ॅप्लाय दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही, ही सोय मला मनापासून आवडली. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम (पार्टिशनमध्ये फाइली मांडायची एक पद्धत) लहान करता येत नाही, तो दोष यांचा नाही. पार्टिशन सरकवायचं असेल तर यूपीएस लावूनच बसा. सोलापूरचा मे महिना, 43 अंश आणि अधूनमधून जाणारी वीज, यात चालू काम मध्ये तुटलं तर रडायला आपणच. तेव्हाचं माझं मत होतं पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या एक एमबीसाठी कापलेला.

इथपर्यंतचं जुलैमध्ये लिहून ठेवलं होतं. मग ऑगस्ट आला.

ऑगस्टमध्ये केसिंगचा बोर्ड जळाला. वास आला, दिवा गेला. आत 11 वर्षांची डिझाइनं. दुसरी प्रत कुठे होती ते विचारू नका. ज्या दोन जुन्या डिस्कवर ती होती, त्या मी मे महिन्यातच 700 रुपयांना विकल्या होत्या. मीच.

डिस्क केसिंगमधून काढून दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथल्या पोरानं ती केसिंगशिवाय थेट कॉम्प्युटरच्या साटा केबलला लावली आणि म्हणाला, “ओ सर, फॉरमॅट मागायलीय, करायचं का?” मी जवळजवळ त्याचा हातच धरला. मग आतून मोठे साहेब आले, दोन मिनिटं बघितलं आणि डेटा काढायचे 18 हजार होतील, गॅरंटी नाही, असं सांगितलं. डिस्क पिशवीत घातली आणि घरी आलो.

घरी जीपार्टेडनं दाखवलं ते असं: 349 जीआयबीचं एक पार्टिशन, फाइलसिस्टीम ‘अननोन’, आणि पुढे 2.39 टीआयबी करडी रिकामी जागा. रात्रभर तेच बघत बसलो. पहाटे सहज भागाकार केला. एकूण 2794 जीआयबी, त्याला 349 नं भागलं. आठ. जवळजवळ बिनचूक आठ.

जकार्डवाल्याला हा आकडा चटकन बोलतो. ग्राफवर फूल काढताना एक चौकोन म्हणजे किती धागे, हे आधी ठरलेलं असतं. तोच ग्राफ दुसऱ्यानं वेगळा हिशोब धरून वाचला, तर चौकोन तेवढेच राहतात आणि फूल आठ पटीनं आवळतं. इथंही तेच झालं होतं. मोठ्या डिस्कला जुन्या पद्धतीचं एमएसडॉस टेबल (पार्टिशन कुठून कुठवर आहे याची डिस्कवरची यादी) चालावं म्हणून काही केसिंग 4096 बाइटचा एक सेक्टर असल्याचं सांगतात. माझं केसिंग त्यातलं होतं. डिस्क थेट लावली की ती स्वतःचा खरा हिशोब सांगते, 512 बाइटचा. टेबलात ‘256 व्या सेक्टरपासून सुरू’ असं लिहिलेलं. केसिंगच्या भाषेत ते 1 एमआयबी, थेट केबलवर मात्र 128 केआयबी. डेटा जागच्या जागी होता, फक्त पत्ता चुकीच्या मापात लिहिलेला.

मग सगळे आकडे आठनं गुणून टेबल परत लिहायचं, झालं? नाही. एमएसडॉस टेबलात सेक्टरचा आकडा 32 बिटांचा. 512 च्या मापात तो 2 टीआयबीलाच संपतो. म्हणजे नव्या पद्धतीचं जीपीटी टेबल हवं. जीपीटीला डिस्कच्या सुरुवातीला 34 सेक्टर लागतात (पहिला नावापुरता जुन्या पद्धतीचा, मग हेडर, मग 128 नोंदींसाठी 32), आणि शेवटी 33, कारण टेबलाची दुसरी प्रत तिथं राहते. ही जागा आणायची कुठून? पार्टिशन तर डिस्कभर पसरलेलं.

सुरुवातीला होती ना. 2048 सेक्टर. तोच एक एमआयबी, ज्याच्यासाठी मी भाकरी गार केली होती. आणि शेवटी पूर्ण एमआयबीत न बसलेला तुकडा जीपार्टेडनं सोडून दिला होता, तो मोजला तर 944 सेक्टर. हवे होते 33. खुर्चीत मागे टेकलो आणि जरा वेळ काहीच केलं नाही. ती जागा खरं तर माझ्यासाठी सोडलेली नसतेच. पूर्वी पार्टिशन 63 व्या सेक्टरपासून सुरू व्हायची, 4096 बाइटच्या खऱ्या सेक्टरांच्या डिस्क आल्यावर ते माप बसेना आणि लिहिताना वेग पडायला लागला. 1 एमआयबीला सगळ्या मापांनी पूर्ण भाग जातो, म्हणून तो. पण त्या खिडकीत एका ओळीत हे लिहिलं असतं तर माझे तीन महिने चिडण्यात गेले नसते.

तरी लगेच डिस्कला हात लावला नाही. आधी 1 एमआयबीच्या पुढून लूप लावून (डिस्कचा तुकडा किंवा एखादी फाइलच वेगळी डिस्क म्हणून दाखवायची लिनक्सची सोय) ती फक्त वाचायला जोडली. फोल्डर दिसले. मोराची चादर, 2014 सालची, उघडली. चालू ऑर्डरची डिझाइनं 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतली, सगळं उतरवायला मोठी डिस्क नव्हती (700 रुपये!). डिस्कचा पहिला आणि शेवटचा एमआयबीही जपून ठेवला.

मग रंगीत तालीम. 3000592982016 बाइटची खोटी डिस्क बनवली. ही पोकळ फाइल असते, आकार पूर्ण दाखवते पण जागा नावापुरती घेते. ती लूपवर 4096 बाइटच्या सेक्टरच्या मापानं जोडायची, पार्टिशन पाडायचं, त्यावर ईएक्सटी4 फाइलसिस्टीम करायची, चार फाइली टाकायच्या. मग काढून 512 च्या मापानं जोडायची. हुबेहूब तोच रोग! 349 जीआयबी, अननोन. असं वाटलं की चोर घरातच सापडला.

तालमीत चुका केल्या त्या लिहितो, कारण खऱ्या डिस्कवर त्याच केल्या असत्या. एकदा शेवटच्या आकड्याला आठनं गुणायचं विसरलो. माउंट करताना (म्हणजे फाइली उघडायला फोल्डरवर जोडताना) ‘बॅड जिऑमेट्री’ आलं, फाइलसिस्टीम पार्टिशनपेक्षा मोठी. एकदा हे काम जीपार्टेडमधून करून बघितलं आणि फाइलसिस्टीमच्या यादीत ‘क्लिअर्ड’ निवडलं. वाटलं, क्लिअर्ड म्हणजे कोरं, म्हणजे काही न करता. तर त्यानं फाइलसिस्टीमची ओळखच पुसून टाकली. काही न करणारा पर्याय ‘अनफॉरमॅटेड’ आहे. हे दोन शब्द एकाच यादीत शेजारीशेजारी ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

शेवटी खऱ्या डिस्कवर पार्टेडमधून, सेक्टरच्या मापात: सुरुवात 2048, शेवट 5860532223. एंटर दाबताना हात थरथरला. सगळं आलं. एकही डिझाइन गेलं नाही. 18 हजार वाचले.

आता मूळ मुद्दा, सॉफ्टवेअरवर भरवसा किती ठेवायचा. डिस्क वाचली तेव्हा मला उत्साह आला आणि पार्टेड 3.5 चा सोर्स (मूळ कोड) उतरवून त्यांच्याच चाचण्या ‘मेक चेक’ या हुकमानं चालवल्या. पार्टेड बनवणारेही खोट्या डिस्कवरच तालीम करतात हे बघून बरं वाटलं. फाइल नाहीतर कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) एससीएसआय डीबग मोड्यूल, ज्याला हवं त्या मापाचे सेक्टर सांगता येतात. पण बऱ्याच चाचण्या रूट (मशीनवर सगळे अधिकार असलेला) नसलात तर चालतच नाहीत, ‘स्किप’ लिहून पुढे जातात. शेवटी हिरवा निकाल बघून माणूस खूश होतो आणि निम्मा पेपर कोराच असतो. रूट होऊन चालवल्या तर काही धडाधड पडल्या. नेमकी एमएसडॉसच्या 2 टीआयबी मर्यादेची चाचणीही त्यात! पोटात गोळा आला, आताच तर याच्या भरवशावर 11 वर्षं टाकली होती.

लॉग वाचला. दोष पार्टेडचा नव्हता. ती चाचणी अवाढव्य खोटी फाइल ठेवायला छोटीशी एक्सएफएस फाइलसिस्टीम बनवते, आणि 2022 च्या 5.19 आवृत्तीपासून एक्सएफएसच्या हत्यारांनी 300 एमबीपेक्षा लहान फाइलसिस्टीम बनवायला नकार दिलाय. मांडवाचा खांबच मोडला आणि आपण नवऱ्याला दोष देतोय. 2023 च्या 3.6 मध्ये चाचणीतला आकार वाढवून त्यांनी हे दुरुस्त केलंय. असल्या दुरुस्तीचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून इथं मुद्दाम करतोय.

त्याच जोशात मीही चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. डिस्कला हात लावायच्या आधी तेवढ्याच मापाच्या खोट्या डिस्कवर सगळं करून बघायचं आणि फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले खुणेचे आकडे) जुळवायचे. पहिल्या दिवसापासून पास, दहापैकी दहा. भाचा पुण्यात शिकतो, सुट्टीला आला होता. तो म्हणाला, “मामा, मुद्दाम चुकीचा आकडा टाकून बघा की.” टाकला. पास! आणखी चुकीचा टाकला. तरी पास! झालं असं होतं की पहिल्या वेळी माउंट फसलं होतं, स्क्रिप्ट न थांबता पुढे गेली आणि फाइली डिस्कवर न जाता माउंटच्या रिकाम्या फोल्डरमध्येच पडल्या. पुढे प्रत्येक वेळी ती त्याच फाइली तपासून पाठ थोपटून घेत होती. आता माउंट झालं नाही की स्क्रिप्ट तिथंच थांबते, आणि पहिली फेरी नेहमी चुकीच्या आकड्याची असते. ती पडली, तरच पुढे जायचं.

पार्टेडबद्दल एक तक्रार उरते. स्क्रिप्टमधून पार्टिशन लहान करायचं म्हटलं की डेटा जाईल अशी धमकी देऊन ते थांबतं, आणि ‘हो’ म्हणायची सरळ सोय नाही. तीन डॅशचा एक पर्याय चाचणीसाठी म्हणून ठेवलाय, त्या मागच्या दारानं लोक आत शिरतात. असलं दार कुलूपवालं तरी ठेवा.

नवं मत: पार्टेडला साडेचार, जीपार्टेडला चार. कापलेला अर्धा मी परत केला. आताची कपात ‘क्लिअर्ड’साठी आणि सेक्टरच्या रकान्यासाठी आहे.

गेल्या आठवड्यात दुसरी डिस्क घेतली, प्रतीसाठी. केसिंगही हवं होतं. नवी पेठेतल्या दुकानात विचारलं, हे सेक्टर 512 चं दाखवतं की 4096 चं? दुकानदारानं डबा उलटा करून बघितला आणि म्हणाला, “नाही ओ सर, हे साडेसहाशेचं आहे. तुम्हाला म्हणून सहाशे.”