यूट्यूब एपीआय, आठ महिने: एकादशीसारखं सरकणारं टोकन

पहिले पाच महिने या एपीआयला (आपल्या प्रोग्रामने यूट्यूबशी बोलायची खिडकी) मी मनसोक्त शिव्या घातल्या. आता त्यातल्या बऱ्याचशा परत घेतोय.

वाचनालयाच्या व्याख्यानांचे व्हिडिओ आम्ही हातानेच चढवतो. (२८ जुलै २०२० नंतर गुगलकडे नोंदवलेल्या, ऑडिट न झालेल्या प्रोजेक्टमधून एपीआयने चढवलेला व्हिडिओ प्रायव्हेटच राहतो, म्हणून त्या भानगडीत पडलो नाही.) शीर्षक, वर्णन, प्लेलिस्ट हे सगळं पायथनची स्क्रिप्ट पहाटे दोनला करते. ब्राउझरमध्ये एकदा परवानगी दिली की झालं, स्क्रिप्टला दोन टोकन (डिजिटल परवाने) मिळतात. अ‍ॅक्सेस टोकन तासाभरात संपतं, रिफ्रेश टोकन नवं आणतं.

एका मंगळवारी सकाळी स्क्रिप्टच्या लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड ग्रँट’, म्हणजे परवानगी बाद. टोकनची फाइल उडवली, पुन्हा लॉगिन केलं, गाडी चालू. पुढच्या वेळी बुधवारी अडलं. मग गुरुवारी. वार ठरलेला असता तर पहिल्याच महिन्यात पकडलं असतं, हे तर एकादशीसारखं सरकत होतं! लॅपटॉप फॉरमॅट केला. राउटरही बदलणार होतो, अठराशे रुपये थोडक्यात वाचले. सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचं खातं) लावून पाहिलं, तर त्याला यूट्यूब चॅनलच नसतो, तेही बाद.

शेवटी वहीत तारखा मांडल्या. बरोब्बर आठ-आठ दिवस. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो, इथे खरेच आठ! प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’वर (चाचणी अवस्थेत) असेल तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत मरतं, हे गुगलने सरळ लिहून ठेवलंय. मी लॉगिन करायचो सकाळी आठला. सातव्या दिवशी पहाटे दोनला टोकन जिवंत, सहा तासांनी मेलेलं, म्हणून बोंब आठव्या पहाटे.

प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’वरून ‘इन प्रॉडक्शन’वर नेला, शेवटचं एक लॉगिन केलं. अ‍ॅप व्हेरिफाय झालेलं नाही असा इशारा येतो. अ‍ॅप आपलंच, पुढे जायचं. त्याला तीन महिने झाले, एकदाही अडलेलं नाही.

बाकी एपीआय वापरायचा रोजचा कोटा पुरत नाही, ही लोकांची ओरड मला पटत नाही. रोज १०,००० युनिट फुकट, वर्णन बदलायला ५०. सर्च मात्र १०० खातं, ते टाळा. कोटा पॅसिफिक वेळेने मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीड.

ज्या पोराने सेटअप करून दिला, त्याला फोन केला. ‘‘काका, टेस्टिंगवर पण चालतंच ना!’’ त्याचे उरलेले पाचशे मी अजून दिलेले नाहीत.