ब्लॉकांमधलं सॅशिंग: सलग पट्टी की कोपऱ्यात चौकोन?

क्विल्टचे (गोधडीचे) ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले एकसारखे भाग, सगळे शिवून जमिनीवर मांडून झाले की पुढचा प्रश्न त्यांच्या मधल्या पट्ट्यांचा, म्हणजेच सॅशिंगचा. हिशोबाला आपण १२ इंची ब्लॉक धरू (कापडात साडेबारा, कारण पाव-पाव इंच शिलाईत जातं), पट्टी तयार २ इंच म्हणजे कापायची अडीच, आणि मांडणी ३ आडवे ४ उभे.

सलग पट्टीत ८ छोट्या उभ्या पट्ट्या लागतात आणि ओळींच्या मधे ३ लांब, साडेचाळीस इंचाच्या. काम पटकन होतं, जोड कमी, आणि ब्लॉक एखाद-दोन सूत कमीजास्त असले तरी लांब पट्टीत ते खपून जातं. पण वरच्या ओळीतला ब्लॉक आणि खालच्या ओळीतला ब्लॉक एका रेषेत येतील याची खात्री काहीच नाही, माझ्या पहिल्या क्विल्टमधे ते अर्धा इंच सरकले आणि मला ते कळलं अस्तर लावून झाल्यावर, अजूनही नजर तिथेच जाते. आता मी लांब पट्टीच्या दोन्ही कडांवर उभ्या पट्ट्या कुठे येणार तिथे पेन्सिलने खुणा करते, आधी खुणांवर टाचण्या, मग मधल्या. आणि पट्टी मापानेच कापायची, शिवत जाऊन उरलेलं शेवटी कापलं तर क्विल्टला लाटा येतात हे नक्की.

चौकोनवाल्या, म्हणजे कॉर्नरस्टोनच्या पद्धतीत सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या, साडेबारा इंच, १७ नग, आणि पट्ट्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे अडीच इंचाचे ६ चौकोन. जोड वाढतात, वेळ जातो, पण इथे प्रत्येक शिवण पट्टीकडे पाडून इस्त्री केली ना, की ब्लॉकच्या ओळीतली शिवण एका बाजूला आणि चौकोनाच्या ओळीतली विरुद्ध बाजूला पडते, दोन्ही ओळी एकमेकींवर ठेवून बोटाने चाचपलं तर शिवणी एकमेकीत अडकून बसतात, कोपरा आपोआप जुळतो. मला हीच पद्धत आवडते. ब्लॉक मात्र सगळे नीट साडेबाराला छाटलेले हवेत. शिवाय एका ओळीत ४ ब्लॉक असतील तर सलग पट्टी साडेचोपन्न इंच लागते, ४२-४४ इंच पन्ह्यात ती बसत नाही, मधे सांधा द्यावा लागतो किंवा उभ्या धाग्यात कापावी लागते. चौकोनात ही भानगडच नाही.

मशीन लहान असेल, अख्खा क्विल्ट त्यात कोंबणं जमत नसेल, तर तिसरा रस्ता आहे, ब्लॉक एकेक करून बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तरासकट क्विल्ट करून, म्हणजे थर एकत्र शिवून, मग पट्टीने जोडायचे. यात दर्शनी बाजूची पट्टी १ इंचाचीच कापा, दोन्हीकडे पाव इंच शिलाई गेली की तयार अर्धा इंच राहते आणि ब्लॉकच्या कडा आत एकमेकींना बरोब्बर टेकतात. रुंद कापली तर मधे पोकळी राहते आणि तिथे बॅटिंगची चिंधी भरत बसावं लागतं. मागच्या बाजूची पट्टी शेवटी हाताने हेम करायची, त्याला संध्याकाळी निवांत बसायची तयारी ठेवा.