वहीतला साडेअकराचा आकडा आणि गेलेले ३८,६५० रुपये

पुण्यात भाड्याचा फ्लॅट फोनवरून ठरवताना फसलो, ३८,६५० रुपये गेले. चार लोकांत सांगायची लाज वाटते, पण गप्प बसलो तर पुढचा फसेल. टोकन २,०००, सोसायटीचा ‘गेट पास’ २,१५०, आगाऊ भाडं ११,५००, डिपॉझिट २३,०००. खेडा खरेदीतल्या, म्हणजे गावात येऊन व्यापारी घेतात त्या, सात हजारांच्या भावाने साडेपाच क्विंटल कापूस झाला हा.

बहिणीला हिंजवडीत नोकरी लागली, रुजू व्हायला आठच दिवस. इकडे डिसेंबर, वेचणी जोरात, मजूर मिळेना. पुलगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने एक रात्र जायला, एक यायला. खोल्या पाहत फिरणार कोण? म्हणून फोनवरच भाड्यांची तुलना करायला बसलो. डोळे मिटून केलं नाही. शंभरपानी वही घेऊन रकाने आखले. वन बीएचकेला वाकड १८ ते २२ हजार, कोथरूड १७ ते १९, हडपसर १४-१५, धायरी आणि कात्रज १० ते १२. हिंजवडीला जवळ ते महाग, लांब ते स्वस्त, हे मलाही दिसत होतं.

मग वाकडचाच एक फ्लॅट सापडला. फर्निचरसकट ११,५००. तो आकडा मी माझ्या हाताने लिहिला. वर एकोणीस, खाली एकवीस, मध्ये साडेअकरा. बाबांनी चष्मा लावून वही पाहिली आणि विचारलं, “काहून बाप्पा, बाकीच्याइले एकोणीस-वीस, अन् आपल्यालेच साडेअकरा?”

“बाबा, पुण्यातलं तुम्हाले नाही समजत,” मी म्हणालो.

तिथेच थांबायला हवं होतं. आकडा मलाही खटकला होता, पण मी त्याला नशीब समजलो. ज्या भागाचं सगळं भाडं वीसच्या आसपास आहे तिथे कोणी निम्म्यात देत असेल, तर फोन उचलूच नका.

‘मालक’ हिंदीत बोलायचा. फौजेत आहे, बदली झाली, किल्ली वॉचमनकडे, घर सांभाळणारी सभ्य माणसं हवीत. ओळखपत्र आणि वर्दीतला फोटोही पाठवला. आमच्या गावची तीन पोरं फौजेत आहेत, वर्दीवर संशय घ्यायचं आमच्या मनात येत नाही. मी फार भोळा होतो असं कोणी म्हणू नये. पोरगी आठ दिवसांत तिथे उभी राहणार, तिच्या डोक्यावर छप्पर हवं, एवढंच डोक्यात होतं. डिपॉझिट गेल्यावर तो म्हणाला, कोड जुळला नाही, पुन्हा २३,००० पाठवा, आधीचे आपोआप परत येतील. तेव्हा कुठे हात थांबला. घर पाहण्याआधी गेट पासचे पैसे कोणतीच सोसायटी घेत नाही. आणि पैसे परत घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, तो द्यायला लागतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लागायला चाळीस मिनिटं गेली. तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणाली, पोलीस ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणालं, फ्लॅट पुण्याचा, तक्रार पुण्यात द्या. पुण्याला फोन केला तर म्हणाले, पैसे जिथून गेले तिथे द्या. चार चकरा मारल्या, प्रत्येक चकरेला एका दिवसाची वेचणी बुडाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी असं स्पष्ट आहे. ते कागदावर लिहून नेलं तर टेबलामागचा माणूस म्हणाला, “एवढं वाचता, मग पैसे कसे पाठवले?” बाबा शेजारीच उभे होते. पैसे गेले त्यापेक्षा ते जास्त लागलं. चोराला एक शब्द बोलायला कोणी तयार नाही, आम्हाला मात्र सगळे शहाणपण शिकवतात.

भाडेकरार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीचं नाव काढलं की असले लोक विषय बदलतात. माझ्याशीही बदलला होता. वीजबिल मागा, घर कोणाच्या नावावर ते दाखवणारा नोंदणीचा कागद, इंडेक्स टू, मागा, नावं जुळवा. तिथे ओळखीचं एक पोरगं असेल तर त्याला दारापर्यंत पाठवा. पेट्रोलचे दोनशे द्या, पण पाठवा.

बहीण सध्या वाकडलाच पीजीत राहते, ९,००० भरते. परवा तिनेच फोटो पाठवला. तोच हॉल, तेच हिरवे पडदे, तोच काचेचा टीपॉय, आता खराडीच्या नावाने. भाडं १२,०००.