तीन आकड्यांचं एस्टिमेट : आठ महिने वापरल्यानंतर

सॉफ्टवेअरच्या फ्रीलान्सिंगमध्ये माझं कोटेशन नेहमी कमी पडायचं. म्हणून आठ महिन्यांपासून प्रत्येक कामाचे तीन आकडे लिहिते: सगळं सुरळीत झालं तर किती तास, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सगळंच आडवं गेलं तर किती. मधल्याला चारने गुणायचं, बाकीचे दोन मिळवायचे, सहाने भागायचं. पर्ट नावाची ही पद्धत १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तयार झाली. मी ती गूगल शीटमध्ये बसवली आणि जोडीला टॉगल या वेळ नोंदवणाऱ्या अ‍ॅपचा टायमर लावला.

खरा फरक टायमरने पडला. दिवसभर खुर्चीत बसूनही बिलात धरता येतील असे तास सरासरी पाचच भरतात. बाकीचे फोन, कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'एवढा छोटासा बदल'मध्ये जातात. मी मात्र आठ तासांचा दिवस धरून तारीख द्यायचे. चाळीस तासांचं काम पाच दिवसांत कबूल करायचं आणि मग रात्री जागायच्या. आता सरळ आठ दिवस सांगते. दरही त्याच पाच तासांवर काढला. दोन क्लायंट गेले, बाकीचे टिकले.

पद्धत कुठे तोकडी पडते तेही सांगते. तासगावकडच्या एका कृषी सेवा केंद्राचं बिलिंग आणि उधारीचं अ‍ॅप होतं. ऑक्टोबर छाटणीआधी ते चालू हवं होतं, कारण द्राक्षवाल्यांची औषधखरेदी तिथून जोर धरते. जुनी खाती अ‍ॅपमध्ये आणायला मी २, ४ आणि २४ तास लिहिले. सूत्राने ७ दिले, लागले १९. एक्सेल उघडली तर नावं युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची संगणकीय पद्धत) नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरमधून काढली तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली, रफार गायब. एकाच शेतकऱ्याची तीन खाती आणि उधारी तिन्हींवर विखुरलेली. पैशाचा मामला, चूक चालणारच नव्हती. शेवटी दुकानाचे मालक वही घेऊन शेजारी बसले आणि आम्ही एकेक नाव ताडून पाहिलं.

सूत्र मधल्या आकड्याला चौपट वजन देतं. आधी केलेल्या कामासाठी ते उत्तम. पण पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात एवढी दरी असेल, तर त्या कामाची एकच ठरलेली रक्कम सांगूच नये. आता मी आधी फाइल मागवते, दोन तासांचे पैसे घेऊन ती तपासते आणि जुना डेटा आणण्याचं बिल तासावर लावते. तिसरा आकडाही मनाने लिहीत नाही, टायमरच्या नोंदींतून काढते.

शीटमध्ये एक रकाना मी स्वतः वाढवला: वाट बघण्याचे दिवस. ऑनलाइन पैसे घेण्याच्या पेमेंट गेटवेचा कोड सहा तासांत होतो, पण क्लायंटची केवायसीची कागदपत्रं यायला आठवडा जातो. ते तास नव्हेत, त्यांचे पैसे मागता येत नाहीत, पण तारीख त्यांनीच हुकते.

एका कोटेशनला दीड तास जातो, हीच काय ती तक्रार. म्हणून वीस तासांच्या आतलं काम असेल तर शीट उघडत नाही. नोंदींत तसलंच जुनं काम शोधते आणि त्याला लागले होते तेवढेच तास सांगते.