अजरख की दाबू : छोट्या संग्रहासाठी कोणती छपाई घ्यावी?

परंपरागत हातछपाईवर आधारित कापडांचा पहिला संग्रह आखताना कच्छची अजरख घ्यावी की राजस्थानातील बगरू आणि आकोला (चित्तोडगड जिल्ह्यातले, विदर्भातले नव्हे) येथील, चिखलाने रंग अडवून केली जाणारी दाबू, हा प्रश्न मलाही पडला होता. दोन्ही करून पाहिल्यावर माझे मन एका बाजूला झुकले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

देखणेपणात अजरख सरस आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. हिरडा दिलेल्या कापडावर रंग अडवणारी चुना-डिंकाची रेख, गंजलेले लोखंड आणि गूळ यांपासून केलेला काळा, नंतर नीळ आणि अखेरीस मंजिष्ठेच्या किंवा अलिझारिन या लाल रंगद्रव्याच्या उकळीत तुरटी छापलेल्या जागी उमटणारा लाल, असा तो क्रम आहे. कच्छमधील धमडका येथील किंवा 2001 च्या भूकंपानंतर वसलेल्या अजरखपूरमधील खत्री कारागिरांचे दोन्ही बाजूंनी छापलेले कापड हातात घेतले, तर सुलटी बाजू कोणती हे सांगता येत नाही.

मला नडले ते ठसे. अजरखच्या एकाच नक्षीला रेखेचा, काळ्याचा आणि भरणीचा (आतली जागा भरणारा) असे निरनिराळे ठसे लागतात व ते एकमेकांत तंतोतंत बसावे लागतात. नमुना पाहिल्यावर फुलाभोवतीचे वर्तुळ किंचित लहान असावे असे मला वाटले. कागदावर तो बदल खोडरबराचा होता, पण रेख बदलली की तिच्यात बसणारे बाकीचे ठसेही बाद होतात आणि सगळा संच नव्याने कोरून घ्यावा लागतो. त्यातही लाल शेवटच्या उकळीतच दिसत असल्याने रंगसंगतीचा निर्णय बराचसा अंदाजाने घ्यावा लागतो.

दाबूत हा जाच फारसा जाणवला नाही. काळी माती, चुना, डिंक आणि कीड लागलेल्या गव्हाचा चुरा यांचा चिखल बहुधा एकाच ठशाने लावतात, त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि उन्हात वाळवून कापड निळीत बुडवतात. पहिल्या बुडीनंतर पुन्हा दाबू लावून दुसरी बूड दिली, की पांढरा, फिकट निळा आणि गडद निळा अशा तीन छटा मिळतात; ठशांमधले अंतर बदलले किंवा ठसा आडवा फिरवला, तर तोच ठसा वेगळे कापड देतो. माझ्या संग्रहातील बरीचशी विविधता अशीच, नवे काही न कोरता आली.

अर्थात नीळ थंड हौदात चढते म्हणून चिखल टिकतो, उकळत्या रंगात तो सुटेल. त्यामुळे रंगांचा आवाका मर्यादित राहतो. बारीक रेषा बुजतात, आणि चिखलाला पडलेल्या भेगांतून शिरणाऱ्या निळ्या शिरा काही ग्राहकांना दोष वाटतात. मला त्या आवडतात, पण हा ज्याच्या त्याच्या रुचीचा भाग झाला.

आरेखन पक्के ठरलेले असेल आणि हाताशी पुरेसा अवधी असेल, तर अजरखपासून कोणालाही परावृत्त करण्याचे धाडस मी करणार नाही. नक्षी अजून हातात बदलत असेल, तर मात्र माझ्या मते दाबूच सोयीची. फक्त तिचे काम पावसाळ्यापूर्वी उरकेल असे पाहावे, कारण ऊन नसले की चिखल वाळत नाही आणि कापड तसेच अडकून पडते.