कोल्ट १९११ की डबल ईगल?

अमेरिकेतील एका संग्राहक स्नेह्यांना पॉइंट ४५ कॅलिबरचे (सुमारे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचे) एकच पिस्तूल घ्यायचे आहे आणि कोल्ट या अमेरिकी कंपनीची ही दोन पिस्तुले त्यांच्यापुढे आहेत. बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या ‘१९११’ या पिस्तुलात हॅमर (गोळी उडवण्यासाठी आपटणारा भाग) आधी मागे ओढावा लागतो. मात्र त्यानंतर चाप अगदी थोडा, सरळ मागे सरकतो आणि प्रत्येक वेळी तसाच सरकतो. १९८९च्या सुमारास आलेल्या डबल ईगलने नेमका हाच गुण गमावला: पहिल्या गोळीला चापानेच हॅमर मागे ओढायचा, म्हणून तो लांब व जड, पुढच्या गोळ्यांना हलका, त्यामुळे बोटाला दोन सवयी लावाव्या लागतात. हॅमर सुरक्षित खाली आणणारी कळ सोयीची खरी, पण १९११च्या चाहत्याने ती मागितलीच नव्हती आणि ज्याला ती हवी होती, त्याच्यासाठी जास्त काडतुसांची ९ मिलिमीटर पिस्तुले बाजारात होतीच. १९९७ मध्ये डबल ईगलचे उत्पादन थांबले.

सुटे भाग, मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी), जाणते कारागीर यांत १९११ला तोड नाही. डबल ईगलच्या चापाच्या यंत्रणेचे सुटे भाग शोधत बसावे लागते. नेमबाजीसाठी १९११ घ्यावे. कपाटात दुर्मीळ नमुना हवा असेल, तरच डबल ईगल.