चित्रांचा विमा: घराच्या पॉलिसीत, की वेगळा?

भिंतीवर दोन-तीन चांगली चित्रं आणि कपाटात थोडी जुनी नाणी असली की पहिला विचार ‘भारत गृह रक्षा’ या गृहविम्याचाच येतो, आणि त्यात चूक काही नाही. २०२१ पासून मिळणाऱ्या या पॉलिसीला मौल्यवान वस्तूंचं वैकल्पिक कव्हर जोडलं की चित्राची किंमत आधीच ठरते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही मागत नाहीत. हप्ताही बहुधा हलकाच. पण मूळ पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर अशा घटनेनंतरच्या ७ दिवसांतली. साध्या घरफोडीसाठी जादा कव्हर घ्यावं लागतं. नाणी आणि हस्तलिखितं तर पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय बाहेरच.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच कलमावर. वस्तू घराबाहेर नेली की या पॉलिसीचं संरक्षण संपतं. आणि चित्र घराबाहेर जातंच: पावसाळ्यात माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, बुरशीचे ठिपके दिसले की फ्रेमवाल्याकडे, रंगाचे पोपडे सुटले की चित्रं दुरुस्त करणाऱ्या रिस्टोररकडे, कधी प्रदर्शनाला. मोडतोड होते ती याच फेऱ्यांत. काच फुटून कागद चिरतो, टेम्पोत एका फ्रेमचा कोपरा शेजारच्या कॅनव्हासमध्ये घुसतो, बबल रॅप थेट रंगाला लागला तर उन्हात गोल गोल वळ उमटतात.

वेगळ्या फाइन आर्ट पॉलिसीत ‘नेल टू नेल’ कव्हर घेता येतं, म्हणजे भिंतीवरून उतरवल्यापासून परत टांगेपर्यंत. दुरुस्तीनंतर उतरलेल्या किमतीची भरपाईही काही ठिकाणी मिळते, मागून घ्यावी. अटी कंपनीगणिक बदलतात. बुरशी, कसर, दमटपणा यांचे पैसे मात्र इथेही सहसा मिळत नाहीत, आणि रिस्टोररच्या हातून कामात झालेली चूकही बहुधा वगळलेली असते. चित्रं मोजकी असून जागची हलणार नसतील तर गृहविमा पुरे. फ्रेमवाल्याचा नंबर पाठ असेल तर मी तरी वेगळीच घ्या म्हणेन.

दावा अडतो तो पॅकिंगवर. रंगावर आधी ग्लासिन हा गुळगुळीत, पातळ कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या. निघण्याआधी पुढून, मागून, चारही कोपऱ्यांचे आणि सहीचे तारखेसह फोटो काढा. नेणाऱ्याची सही त्या फोटोंच्या छापील प्रतीवर घ्या.